गुलाब केव्हा कापायचा

जोगेश्वरी (पूर्व), मुंबई ६०
१७ ऑगस्ट १९८७

गुणाजीभाऊजींना द्रौपदीचा नमस्कार.

पत्र पाहून दचकू नका. वाईट व्हायचं ते फेब्रुवारीत, हे गेले तेव्हाच होऊन गेलं. तेव्हा तुम्ही कुडाळहून केलेली तार मी अजून जपून ठेवली आहे. हे पत्र बागेचं आहे.

कंपनीनं मार्चपासून मला यांच्या जागी माळीकामावर घेतलं, पण बदली म्हणून, पक्की नाही. तुम्ही रिटायर झाल्यावर जयंतीभाई नावाचे नवे साहेब आलेत. माणूस वाईट नाही. त्यांनी परवा बोलावून सांगितलं, "बघा बाई, हेड ऑफिस बाग कंत्राटाने द्यायची म्हणते. दहा डिसेंबरला कंपनीचा दिवस, तेव्हा मोठ्या शेठच्या फोटोपुढे आपल्या बागेतल्या गुलाबांचा ताट पाहिजे. बाजारातला एक पण फूल नाय चालणार. ताट भरला तर तुमची नोकरी पक्की. नाय भरला तर मी पण काय करणार?"

भाऊजी, आता माझी चूक सांगते. एप्रिलमध्ये गेटजवळचा अनंत फार वाढला होता, म्हणून मी तो छान गोल कापला. जयंतीभाई म्हणाले, "झकास." मग आषाढ गेला, श्रावण आला, आणि त्या झाडाला एक फूल नाही. तेव्हापासून कात्री हातात घेतली की माझा हात थांबतो. खत घालते, पाणी देते, तण काढते, कापत काहीच नाही.

गुलाबाचे चार वाफे आहेत. दोन तुमचे, दोन यांचे. हे घरी आल्यावर बागेचं कधी बोलायचे नाहीत. मीही विचारलं नाही. दोघं मिळून तुम्ही अठरा वर्षं ती बाग केली, तेव्हा आता तुम्हीच सांगा. दहा डिसेंबरला फूल हवं तर गुलाब केव्हा कापायचा? माझं सगळं त्यावर आहे.

आपली,
द्रौपदी

•

मु. खालचीवाडी, ता. कुडाळ
३ सप्टेंबर १९८७

॥ श्री देवी सातेरी प्रसन्न ॥

चि. द्रौपदीस गुणाजी परबचा आशीर्वाद.

पाच दिवसांचा गणपती सोमवारी पोचवला, पाहुणे काल गेले, आज तुझ्या पत्राला बसलो आहे. अनंताचं वाचून आधी हसलो आणि मग वाईट वाटलं. अगं, एप्रिलात अनंताला कात्री लावणं म्हणजे जेवायला बसलेल्याचं ताट उचलणं. त्याच्या कळ्या जुन्या काडीवर केव्हाच धरलेल्या असतात, फक्त तुला दिसत नाहीत. तो फुलून झाला की लगेच कापायचा, नंतर त्याच्या वाटेला जायचं नाही. मोगऱ्याचं उलटं. तो नव्या फुटीवर फुलतो, म्हणून त्याला थंडीत कापायचा, पानं झाडायची, जरा तहानलेला ठेवायचा. कुठलंही झाड असो, आधी ते जुन्या काडीवर फुलतं की नव्या, एवढं बघ. बाकी सगळं त्यातून येतं.

गुलाब नव्या फुटीवरचा. त्याचं माझं बावीस वर्षांचं ठरलेलं आहे. खंडेनवमीला कात्री धुऊन, पुसून, हळदकुंकू लावून पुजायची. दसऱ्याला सकाळी पहिली काडी कापायची आणि दुपारपर्यंत चारही वाफे उरकायचे. कापताना डोळा, म्हणजे फुटीची जागा, बाहेरच्या अंगाचा बघ, त्याच्यावर बोटाच्या पेराएवढी काडी ठेव आणि तिरकं काप. कापलेल्या तोंडाला मोरचूद-चुन्याचा लेप लाव. कॅन्टीनमध्ये माझा ताट धरलेला फोटो आहे ना, तो उगीच नाही लावलेला.

अंबादास दसऱ्याला नेहमी रजेवर असायचा. त्याचे वाफे मागाहून व्हायचे, ते तू मनावर घेऊ नकोस.

माझी तब्येत बरी. इथे बाग नाही, नुसते माड आहेत, त्यांना कोण कापणार.

गुणाजी

•

जोगेश्वरी (पूर्व)
१८ सप्टेंबर १९८७

गुणाजीभाऊजींना नमस्कार.

पत्र मिळालं, तीनदा वाचलं. काडीचं आणि डोळ्याचं समजलं. रविवारी आरे कॉलनीतल्या तबेल्यातून दोन गोण्या शेणखत आणलं. बसमध्ये कंडक्टर म्हणाला, "बाई, हे काय चढवता?" म्हटलं, "गुलाबाचं खत." तो म्हणाला, "वास तर म्हशीचा येतोय." सगळी बस हसली. मी पण हसले. बऱ्याच महिन्यांनी.

आता अडचण सांगते. यंदा दसरा दोन ऑक्टोबरला आहे. अजून इथे रोज संध्याकाळी सर येते, माती सुकत नाही. कापलेल्या काडीत पाणी जाणार नाही का? आणि दोन ऑक्टोबर ते दहा डिसेंबर फार लांब वाटतं. फुलं आधीच येऊन गेली तर?

दुसरी गोष्ट तुम्हाला माहीत आहे, तरी लिहिते. दसरा आमचा धम्मदीक्षेचा दिवस. सकाळी आठला मी पांढरी साडी नेसून विहारात असते. लग्न झाल्यापासून एकदाही चुकलेलं नाही, आणि यंदा हे नसताना तर मी चुकवणार नाही. हळदकुंकूही मी लावणार नाही. कात्रीला तेल लावीन, धार लावीन, ते मी मनापासून करते.

तेव्हा दुसरा दिवस सांगाल का? राग मानू नका.

द्रौपदी

•

पोस्टकार्ड
कुडाळ, २५ सप्टेंबर १९८७

चि. द्रौपदीस आशीर्वाद.

मी तुला देवधर्म सांगितला नाही, झाडाचं सांगितलं. हळदकुंकू लावू नकोस, माझं म्हणणं नाही. पण दिवस तोच. बावीस वर्षं जे जमलं ते यंदा काय बिघडणार आहे? पाऊस दसऱ्याला जातोच. विचारायचं होतं तर ऐकायचं, नाहीतर विचारायचं कशाला? प्रत्येक जण आपलं शहाणपण चालवायला लागला तर बागेची वाट लागेल. मग जानेवारीत कंत्राटदार आला की मला पत्र पाठवू नकोस.

गुणाजी परब

•

जोगेश्वरी (पूर्व)
१८ ऑक्टोबर १९८७

गुणाजीभाऊजींना नमस्कार.

तुमचं कार्ड आमच्या चाळीत माझ्याआधी तिघींनी वाचलं. असू दे. कार्डावर लिहिलं की असंच होतं.

मी घाबरले होते, म्हणून तुमचं ऐकलं. दसऱ्याला पहाटे सहाला कंपनीत गेले. गांधी जयंतीची सुट्टी होती, पण वॉचमननं ओळखीनं सोडलं. तुमचे दोन वाफे कापले. साडेसात झाले तेव्हा पुढचे दोन तसेच ठेवून विहाराकडे पळाले. साडीच्या काठाला मोरचूद लागला, तो अजून निघालेला नाही.

सहा तारखेपासून चार दिवस पाऊस पडला. नुसता पडला नाही, धुऊन काढलं. मग तुमच्या वाफ्यातल्या काड्या वरून काळ्या पडायला लागल्या. आज बोटभर, उद्या वीतभर. तो काळा रंग खाली सरकताना बघत मी रोज उभी राहायचे. जयंतीभाई येऊन काळ्या काड्या मोजून गेले. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

आता पुढचं ऐका. आमच्या दारात तेलाच्या डब्यात एक गुलाब आहे. यांनीच लावलेला. कंपनीतली छाटलेली काडी आणून रुजवली होती, त्याला दहा-बारा वर्षं झाली असतील. चौदा तारखेला संध्याकाळी मी दारात तांदूळ निवडत बसले होते. चौदा ऑक्टोबर म्हणजे बाबासाहेबांनी दीक्षा दिली ती तारीख. दसरा पुढेमागे होतो, तारीख होत नाही. हे दसऱ्याला विहारात यायचे माझ्यासाठी, पण स्वतः तारीख पाळायचे. आणि तारखेच्या दुसऱ्या दिवशी कामावर निघण्याआधी या डब्यातलं झाड कापायचे. दर वर्षी. मी मागे उभी राहून म्हणायचे, "अहो, हिरवंगार झाड, कशाला बोडकं करता?" ते नुसते हसायचे.

आणि सहा डिसेंबरला त्याच झाडाची फुलं ओंजळीत घेऊन आम्ही दादरला चैत्यभूमीवर जायचो.

भाऊजी, मी बोटांवर दिवस मोजले. पंधरा ऑक्टोबर ते सहा डिसेंबर, बावन्न दिवस. परत मोजले, बावन्नच. दहा-बारा वर्षं ते झाड माझ्या दारात होतं आणि मी कोकणात पत्र घालून विचारत होते. मला माझाच राग आला. मग रडू आलं. तांदूळ तसेच राहिले.

पंधराला सकाळी आधी डब्यातलं झाड कापलं, मग कंपनीत जाऊन यांचे दोन्ही वाफे कापले. माती सुकलेली होती, ऊन कडक होतं, लेप तासाभरात वाळला. छाटलेल्या काड्यांतल्या सहा घरी आणून रुजत घातल्या. तुमच्या वाफ्यांच्या काळ्या काड्या निरोगी भागापर्यंत परत खाली घेतल्या. ते जगतील, पण दहा डिसेंबरला काही देणार नाहीत.

आता एकच विचारते, खरं सांगा. कंपनीचा दिवस दहा डिसेंबर, म्हणजे सहानंतर चारच दिवस. एवढी वर्षं त्या ताटात कुणाच्या वाफ्यातली फुलं असायची?

द्रौपदी

•

जोगेश्वरी (पूर्व)
२१ नोव्हेंबर १९८७

गुणाजीभाऊजींना नमस्कार.

महिना झाला, तुमचं उत्तर नाही. दिवाळीचं कार्डही नाही. मी विचारलं ते तुम्हाला लागलं असेल. मी परत विचारत नाही, पण लिहिलेलं मागेही घेत नाही.

यांच्या वाफ्यांना फूट चांगली आली, तांबूस, तुकतुकीत. कळ्या धरल्यात, पण अजून हरभऱ्याएवढ्याच आहेत. एकेका काडीवर तीन-तीन, चार-चार. जयंतीभाई रोज चहाच्या वेळी येतात आणि कळ्यांकडे बघतात. काल म्हणाले, "बाई, हे दहापर्यंत फुलणार का?" मी "हो साहेब" म्हणाले. तोंडानं म्हणाले.

बाग जाणणारा माणूस माझ्या ओळखीचा एकच उरला आहे. भांडण नंतर करू. दहापर्यंत फुलतील ना?

द्रौपदी

•

मु. खालचीवाडी, ता. कुडाळ
२६ नोव्हेंबर १९८७

॥ श्री देवी सातेरी प्रसन्न ॥

चि. द्रौपदीस आशीर्वाद.

आधी कामाचं. हरभऱ्याएवढी कळी म्हणजे साधारण अठरा-वीस दिवस. फुलतील. पण पत्र मिळताच एक कर. प्रत्येक काडीवरची मधली कळी ठेव, बाजूच्या नखानं खुडून टाक. जिवावर येईल, तरी खुड. खत बंद. पाणी सकाळीच, मुळाशी, पानांवर नाही. दहाला पहाटे दव असतानाच फुलं काप आणि लगेच बादलीत ठेव.

आता दुसरं. महिनाभर पाच वेळा लिहायला बसलो आणि पाच वेळा आंतर्देशीय फाडलं. सून म्हणाली, "मामांनू, पोस्टात कागद संपतले." म्हणून आज एका बैठकीत लिहून टाकतो.

फुलं अंबादासच्या वाफ्यातली असायची. सगळीच वर्षं नाही. अधिक महिन्याच्या वर्षी दसरा उशिरा यायचा, तेव्हा माझेही वाफे भरायचे. पण दसरा लवकर आला की माझी फुलं नोव्हेंबरातच होऊन जायची. दहा डिसेंबरला माझ्या वाफ्यात नुसती पानं आणि शेजारी अंबादासचे वाफे भरलेले. ताट भरायचो मी, कारण मी मोठा माळी. पहिल्याच वर्षी त्या वेळच्या साहेबांनी विचारलं, "कुणाच्या हातचे?" मी म्हणालो, "माझ्या." अंबादास तीन हातांवर पाइप धरून उभा होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि पाणी घालत राहिला. त्यानंतर कुणी विचारलंच नाही, आणि मी सांगितलं नाही. ज्या फोटोचा मी तुला तोरा दाखवला, त्यातली फुलंही त्याचीच.

एकदाच, डबा खाताना, तो म्हणाला, "गुणाजी, पुढच्या वर्षी तू पण पंधराला काप की. तुझी पण येतील." मी म्हणालो, "दसरा तो दसरा. तुम्हाला त्यातलं काय कळणार?" तुम्हाला म्हणजे कुणाला, ते त्याला कळलं. मलाही कळलं होतं. त्यानं डब्यातली भाकर मोडून अर्धी माझ्या झाकणात ठेवली, रोज ठेवायचा तशी. त्या दिवशी ती मी खाल्ली, याची मला आजही लाज वाटते.

तो पंधराच का धरतो, हे मी कधी विचारलं नाही. तुझ्या पत्रात वाचलं तेव्हा कळलं.

सगळ्यात वाईट हे, की तू ऑगस्टात विचारलंस तेव्हा मला तारीख माहीत होती. यंदा दसरा लवकर आहे, हेही माहीत होतं. पंधरा ऑक्टोबर लिहिलं असतं तर अंबादासचं बरोबर होतं असं माझ्या हातानं लिहावं लागलं असतं. ते माझ्यानं झालं नाही. तुझी नोकरी जायची वेळ आली तरी झालं नाही. वर ते कार्ड घातलं.

सोबत जयंतीभाईंच्या नावे वेगळी चिठ्ठी ठेवली आहे. त्यात सगळं लिहिलं आहे, फोटो उतरवा असंही लिहिलं आहे. बंद केलेली नाही, तू वाच. द्यायची की नाही ते तू ठरव. मला माफ कर असं लिहीत नाही, कारण ज्याला म्हणायचं तो नाही.

गुणाजी

•

जोगेश्वरी (पूर्व)
१२ डिसेंबर १९८७

जय भीम, भाऊजी.

आजवर तुम्हाला पत्र लिहिताना मी नमस्कार लिहीत होते. आज मनात जे होतं ते लिहिलं.

तुमचं पत्र दोन दिवसांत चारदा वाचलं. राग आला. फार आला. यांनी तीन हातांवरून तुमच्याकडे पाहिलं ते मला दिसत राहिलं. घरी येऊन मला एका शब्दानं सांगितलं नाही, म्हणून यांचाही राग आला. मग उठले आणि बाजूच्या कळ्या खुडायला गेले. तुम्ही म्हणालात तसं, जिवावर आलं. पण मधल्या कळ्या अशा काही सुटल्या की रोज फरक दिसायला लागला.

पाच तारखेला शनिवारी डब्यातल्या झाडाला सात फुलं आली. रविवारी दादरला नेली. यांच्याशिवाय पहिल्यांदाच गेले.

दहाला पहाटे यांच्या वाफ्यांतून एकोणसाठ गुलाब निघाले. ताट भरून वर सहा उरले. तुमच्या वाफ्यांत पानं मात्र छान आहेत, नाताळपर्यंत तेही फुलतील. मोठ्या शेठच्या फोटोपुढे सगळे जमले होते, हेड ऑफिसचे लोकही होते. त्यांच्यातल्या एकानं विचारलं, "कुणाच्या हातचे हे?" जयंतीभाईंनी माझ्याकडे बोट केलं.

भाऊजी, सतरा वर्षांच्या संसारात मी यांचं नाव तोंडानं घेतलं ते लग्नातल्या उखाण्यात, तेवढंच. त्या दिवशी सगळ्यांसमोर म्हणाले, "अंबादास वानखेडे यांचे. ही छाटणी त्यांची आहे, दर वर्षी त्यांचीच असायची. मी फक्त कात्री धरली." टाळ्या वगैरे झाल्या नाहीत. ते साहेब म्हणाले, "अच्छा," आणि पुढे गेले. पण जयंतीभाई थांबले. त्यांनी नाव परत विचारलं आणि कागदावर लिहून घेतलं. जानेवारीपासून मी पक्की आहे.

तुमची चिठ्ठी दिली नाही. जे सांगायचं होतं ते मी सांगितलं. तुम्ही स्वतः लिहिलंत, एवढं मला पुरलं. फोटो राहू दे. त्यात ताट तुमच्या हातात असलं तरी मला आता फुलं ओळखता येतात.

ऑक्टोबरात रुजत घातलेल्या सहा काड्यांपैकी चार लागल्या. एक तुमची. आपला कुंडलिक ड्रायव्हर शिमग्याला कणकवलीला येतो, त्याच्याबरोबर पाठवीन. माडांखाली नका लावू, ऊन लागेल असं बघा. आणि केव्हा कापायचा ते मी लिहीत नाही.

द्रौपदी

•

पोस्टकार्ड
कुडाळ, १५ ऑक्टोबर १९८८

चि. द्रौपदीस जय भीम आणि आशीर्वाद.

झाड कमरेएवढं झालं आहे. आज सकाळी कापलं. छाटण्यासारखं फार नव्हतं, शेंड्याच्या तीन काड्या घेतल्या. कात्रीला तेल लावलं होतं.

सून अंगणात आली. म्हणाली, "मामांनू, दसरो तर गुरवारी आसा. आज कित्याक कापतास? कसलो मुहूर्त?"

मी म्हणालो, "अंबादासाचो."

ती विचारायला लागली, अंबादास कोण. मग पायरीवर बसून तिला पहिल्यापासून सगळं सांगितलं. पाइपाचं सांगितलं, भाकरीचंही सांगितलं. कार्ड उघडंच टाकतो आहे, ज्याला वाचायचं त्यानं वाचावं.

गुणाजी